बिनफुलांची बाग

ठाण्यात आमच्या भागात एक सार्वजनिक बाग आहे आणि तिच्यात एकही फूलझाड नाही. वाफा नाही, ताटवा नाही, कारंजं नाही. जुनी झाडं, खाली गवत आणि दगडांवर ठेवलेली चार बाकं, एवढाच तिचा संसार. पाहुणे हटकून विचारतात, हिला बाग कशाला म्हणायचं? आमची माणसं सांगतात, म्युनिसिपालिटीचा माळी आळशी आहे. बिचाऱ्या माळ्यावर उगाच आळ. ती तशी का राहिली हे ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यापैकी आता फारसं कोणी उरलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी लग्न होऊन कल्याणहून ठाण्यात आले तेव्हा तिथे बाग नव्हती, राई होती. वस्ती ओलांडून खोपट गावाच्या वाटेला लागलं की घरं संपत आणि चिंच, आंबा, करंज अशा झाडांची दाटी सुरू होई. जमीन सरकारी, पडीक. तिथे कोणी गुरं चारत नसे, सरपण तोडत नसे. चिंचा पडून कुजत, पण पोरं त्या वेचायला जात नसत. मी घरात नवी होते तेव्हाच सासूबाईंनी मागच्या अंगणातून मला ती झाडं दाखवली आणि सांगितलं, भर दुपारी तिकडे बघायचं नाही, आणि तिकडून कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. मी विचारलं, हाक कोण मारणार? त्यांनी नुसतं माझ्या पोटाकडे बघितलं.

उत्तर मला पुढे मिळालं. दात यायच्या आधी मूल गेलं तर आमच्यात त्याला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. आमच्या वस्तीतली तसली सगळी मुलं राईत होती. वर दगड नाही, खूण नाही. बापाने नाहीतर काकाने उचलून न्यायचं, परत येऊन अंघोळ करायची आणि पुढे त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आईने उंबरा ओलांडायचा नाही आणि कुठे ठेवलं हे विचारायचं नाही. आईला जागा कळली की तिचा जीव तिथेच घुटमळतो आणि पुढचं मूल पोटात ठरत नाही, असं म्हणत. असं म्हणणाऱ्या बायकांची स्वतःची मुलंही तिथेच होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

माझी मुलगी उन्हाळ्यात गेली. नुकती पालथी पडायला शिकली होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या दिवसानंतर ते आमच्या घरात कोणी उच्चारलं नाही, आणि आता इतक्या वर्षांनी ते कागदावर उघडं पडावं असं मला वाटत नाही. ह्यांनी तिला माझ्या मांडीवरून उचललं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, तेव्हा माझे यजमान या लिखाणातही 'हे'च राहणार. ओसरीखाली मिठागरातला एक आगरी म्हातारा खांद्यावर फावडं आणि हातात मिठाचं गाठोडं घेऊन उभा होता. मुलावर मीठ घालतात, म्हणजे कोल्ही उकरत नाहीत. त्या काळी मिठावर सरकारी जकात जबर होती आणि आगरातून बाहेर पडणाऱ्या वाटेवर चौकीपहारा असे. पण मुलाच्या मिठाला त्या म्हाताऱ्याने कधी कोणाकडून काही घेतलं नाही, आणि चौकीवरच्या शिपायानेही ते गाठोडं कधी सोडायला लावलं नाही. दोघे वळणापर्यंत दिसले. मग सासूबाईंनी दार लावून घेतलं.

त्यानंतरचे दिवस मला दुधाने आठवतात. मूल नव्हतं आणि दूध होतं. ते आटावं म्हणून सासूबाईंनी माझ्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली. ती अंगाच्या तापाने कोमेजत, पिवळी पडत, मग दुसरी बांधत. अजून कोणी मोगऱ्याचा गजरा पुढे केला की माझी मान आपोआप मागे जाते. दूध शेवटी आटलं. पण दुपार टळटळीत झाली, सगळं घर निजलं की राईच्या बाजूने रडणं येई आणि माझी चोळी पुन्हा ओली होई. मांजर असेल, होला असेल, असं मला पुष्कळांनी समजावलं. मी काही फार जग बघितलेलं नाही, पण मांजर आणि मूल यांतला फरक मला कळतो. सासूबाईंनी मागची खिडकी खिळे ठोकून बंद करून घेतली. त्या रडण्याला खिडकी लागत नव्हती.

मी ह्यांना एकदाच विचारलं, "कुठे?" हे वकील, कोर्टात जायला पगडी घालत होते. "तिकडेच," म्हणाले आणि पगडी सारखी करत बाहेर पडले. तेवढ्या एका शब्दावर मी कित्येक वर्षं काढली. मध्यंतरी दोन मुलगे झाले, पेढे झाले, बारशी झाली. लोकांना वाटलं, विसरली बिचारी, बरं झालं.

विसरले नव्हते, कारण विसरू देत नव्हते ते हेच. मागच्या खिडकीच्या फळ्यांमध्ये एक चीर होती. तिला डोळा लावला की राईची कड दिसे. संध्याकाळी कोर्टातून सुटले की हे सरळ घरी येत नसत. राईच्या कडेला येत, थोडं चालत, थांबत, पुन्हा चालत. आत मात्र पाऊल टाकत नसत. मला वाटे, लेकीची जागा ह्यांना ठाऊक आहे, म्हणून हे रोज येऊन बघून जातात. मी नऊ महिने वाहिली, मी दूध पाजलं, आणि बघायचा हक्क ह्यांचा! मला ह्यांचा हेवा वाटे, आणि राग तर इतका येई की ह्यांचं पान वाढताना मी ह्यांच्याकडे बघत नसे. कुठे आहे ते फक्त एकदा कळावं, मी तिथे जाणार नाही, काही करणार नाही, नुसतं कळावं, एवढंच मी देवाजवळ मागत असे.

मग एका वर्षी बातमी आली की मुंबईच्या कोणा कंत्राटदाराने ती जमीन सरकारकडे मागितली आहे. त्याला वीटभट्टी घालायची होती. वरची झाडं तोडून भट्टीत जाळायची, खालची माती उकरून तिच्या विटा पाडायच्या आणि मुंबईला चढवायच्या. मी कल्याणची. खाडीकाठच्या भट्ट्या लहानपणी बघितलेल्या. माती पुरुषभर खोल कशी काढतात, पाणी घालून पायांनी कशी तुडवतात, साच्यात कशी दाबतात, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी तांदूळ निवडत होते. सुपातले दाणे आणि खडे मला वेगळे दिसेनात. माझी मुलगी कोणाच्या तरी भिंतीत जाणार, असं मनात आलं आणि मला अशी भीती वाटली की पुढे कशाचीच तशी वाटली नाही.

त्या बातमीने हे मात्र एकदम उठले. एरवी मितभाषी माणूस, कोर्टात जे काय बोलतील तेवढंच. पण आता दारोदार फिरले, आणि बघता बघता आमच्या ओसरीवर सभा भरू लागल्या. एक वयोवृद्ध वकील अध्यक्ष झाले, हे चिटणीस. शाळेचे हेडमास्तर आले, वैद्यबुवा आले, गावातली चार वजनदार माणसं आली, खोपटाकडचा आगरी पाटील येऊन खांबाला टेकून बसला. मी मधल्या दाराआड. सभा म्हणजे पुरुषांनी बोलायचं आणि बायकांनी पोहे करायचे, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

बोलणी मोठी सुरेख चालत. ही राई सरकारने राखावी आणि तिची सार्वजनिक बाग करावी, असं ठरलं. शुद्ध हवेचे फायदे झाले, मुंबईसारख्या शहरात कशी बाग आहे ते झालं, विलायतेत तर गावोगाव असतात हेही झालं. हेडमास्तर म्हणाले की गावातल्या मुलांना खेळायला जागा हवी. 'मुलांना' हा शब्द आला मात्र, कोणीतरी उगाच पाणी मागितलं. तिथे बसलेल्यांपैकी कोणाच्या घरचं राईत नव्हतं? हेडमास्तरांची जुळी, वैद्यबुवांचा पहिला नातू, अध्यक्षांची तर तीन. आम्हा बायकांना एकमेकींचं सगळं ठाऊक होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! अर्ज लिहिला गेला, त्यात झाडं, हवा, आरोग्य सगळं आलं. मूल हा शब्द आला तो खेळण्यापुरता.

गोरा कलेक्टरसाहेब जागा बघायला घोड्यावरून आला तेव्हा ही सगळी मंडळी अंगरखे-उपरणी घालून गेली. पुढचं मला वैद्यांच्या घरातून कळलं, ह्यांनी काही सांगितलं नाही. साहेबाने मामलेदाराकरवी एकच प्रश्न विचारला: या जमिनीचा आज लोकांना काही उपयोग आहे का? एक वाक्य बोललं असतं तर तिथल्या तिथे निकाल होता, कारण पुरलेल्या माणसांच्या जागेवर भट्टी घालू द्यायला तो साहेबही धजला नसता. पण ते वाक्य बोलायचं कोणी? बोललं की कोणाचं, कुठे, कधी, हे आलं. चारचौघांत, परक्यापुढे, जे घरात बायकोला सांगितलं नाही ते सांगायचं आलं. अध्यक्ष म्हणाले, "काही नाही साहेब, पडच आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ह्यांनीही डोलावली. तेव्हा साहेब म्हणाला, मग भट्टीने कोणाचं काय बिघडतं? आणि घोडा वळवला.

जमीन कंत्राटदाराला द्यायची ठरली. हे त्या दिवशी आले आणि ओसरीवरच्या झोपाळ्यावर न बसता खाली जमिनीवर बसले. मुलगे अंगाखांद्यावर चढत होते, त्यांना दूरही केलं नाही आणि जवळही घेतलं नाही. मी पाण्याचा तांब्या ठेवला तो तसाच राहिला.

दसरा झाला, जमीन वाळली, आणि कंत्राटदाराला खणायला माणसं हवी झाली. मिठागरं अजून सुरू व्हायची होती, आगऱ्यांच्या हाताला काम नव्हतं. तरी एक माणूस फावडं घेऊन आला नाही. पाटलाने कोणाला मनाई केली नव्हती. मनाई करावी लागली नाही. मग कंत्राटदाराने घाटावरून वडारी आणले. त्यांनी राईच्या तोंडाशी पालं ठोकली, चुली मांडल्या, आणि एका वडारणीने आपलं तान्हं झोळीत घालून झोळी आतल्या एका चिंचेला टांगली.

आमच्याकडे भाजी घालणारी आगरीण त्या वाटेने येत असे. तिने टोपली खाली ठेवली आणि त्या वडारणीला जे म्हटलं ते मला तिनेच जसंच्या तसं सांगितलं. "बाय, ज्या झाराला झोली बांधलीस, त्याचे खाली कोन निजलंय, ठाव हाय का तुला?" आणि मग तिने आपलं कोण कोण तिथे निजलंय ते सांगितलं. वडारणीने झोळी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळीच्या चिरेतून बघितलं तर पालं नव्हती, नुसत्या काळ्या पडलेल्या चुली होत्या.

कंत्राटदाराने आणखी एकदा माणसं आणून बघितली. तीही टिकली नाहीत. शेवटी तो कंटाळून दुसरीकडे गेला. मोकळी पडलेली जमीन बघून साहेबाला आमच्या मंडळींच्या अर्जाची आठवण झाली. आमच्या ओसरीवर अर्जाचा विजय म्हणून भाषणं झाली, पेढे वाटले. फांदी मोडली आणि कावळ्याने शेखी मिरवली, तसला प्रकार. पेढ्यांतला एक मी पदराखाली झाकून त्या आगरिणीला दिला. तिने विचारलं, कशाचा? मी म्हटलं, तुझाच आहे.

पण साहेबाने अट घातली होती. वर्षाच्या आत तिथे खरोखरीची बाग दिसली पाहिजे, नाहीतर जमीन परत. झालं! भट्टी गेली आणि खणणं पुन्हा दारात आलं. पुण्याहून शिकून आलेला एक तरुण ओव्हरसियर नकाशा घेऊन आमच्या ओसरीवर बसला. मोठा हौशी. रस्ते आखले होते, गुलाबाचे वाफे, मोगऱ्याचे ताटवे, मध्ये कारंजं. मंडळी भोवती गोळा झाली. मी दाराच्या फटीशी.

ओव्हरसियरने ईशान्येकडे बोट ठेवलं, इथे गुलाब. हेडमास्तर खाकरले आणि म्हणाले, तिथे मुळं फार आहेत, खणू नये. बरं, म्हणून त्याने फुली मारली. पश्चिमेचा रस्ता वैद्यबुवांना पसंत पडेना, तिथे म्हणे वाळवी आहे. आंब्याखालच्या ताटव्याला अध्यक्षांनी हरकत घेतली, तिथे पाणी साचतं. थोड्या वेळाने त्यांनाच करंजाजवळही पाणी साचतं असं आठवलं, आणि मग कुंपणाशीही. कोणी खडक सांगितला, कोणी सापाची बिळं. आगरी पाटलाला कारण सुचलं नाही की त्याला ते शोधावंसं वाटलं नाही, कोण जाणे. त्याने ओळीने जागा दाखवल्या आणि प्रत्येक वेळी एवढंच म्हटलं, "तय नको," म्हणजे तिथे नको. पोरसवदा ओव्हरसियर पार गोंधळला. एवढ्याशा राईत खडकही आणि दलदलही कशी, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं.

मला मात्र कळत होतं. दाराला धरून मी उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत ते पुरुष एकेक करून आपापलं मूल दाखवत होते. ज्या नकाशावर फुलांचे वाफे होते त्यावर आता फुल्याच फुल्या झाल्या. हेडमास्तरांची जुळी तिथे, वैद्यांचा नातू तिथे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आणि मी वाट बघत होते. आता हे बोलतील, आता बोलतील, आणि मला कळेल. ज्यासाठी मी इतकी वर्षं जळत होते ते एका बोटाच्या अंतरावर होतं. पण एक एक जागा होत गेली आणि हे गप्पच. माझ्या मनात आलं, सगळ्यांनी आपलं राखलं, आणि हा माणूस माझ्या लेकीसाठी तोंड उघडत नाही!

शेवटी एकच जागा उरली, अगदी मधली, म्हाताऱ्या चिंचेजवळची मोकळी जागा, जिथे कारंजं यायचं होतं. तिला कोणी हरकत घेतली नाही. ओव्हरसियर सुटल्यासारखा म्हणाला की निदान इथे तरी उद्यापासून खणायला लागू.

"तिथेही नको," हे म्हणाले.

अध्यक्षांनी विचारलं, का हो, तिथे काय आहे? न्यायाधीशापुढे तासन्‌तास बोलणारा हा माणूस, पण ह्यांना ना वाळवी सुचली, ना खडक. खाली मान घालून बसले. मी दाराआड दोन्ही हातांनी कडी घट्ट धरली होती. मग अध्यक्षच हलक्या आवाजात म्हणाले, "राहू द्या. गावात तळं आहे, कारंजं कशाला हवं?" ओव्हरसियरने नकाशाची गुंडाळी केली आणि विचारलं, "मग बाग करायची कशात?" पाटील म्हणाला, गवत हाय, झारां हायेत. तेवढंच मग ठरलं, आणि बाकंसुद्धा पुरायची नाहीत, दगडांवर ठेवायची, असं ठरलं.

ते दिवस मी कसे काढले ते सांगितलं तर कोणाला विचित्र वाटेल. मी आनंदात होते. मला जागा कळली होती. मधली, चिंचेजवळची. दुपारी रडणं आलं की मी आता कान झाकत नसे. बंद खिडकीकडे तोंड करून बसत असे आणि मनात म्हणत असे, आहेस ना, चिंचेशी आहेस, सावली आहे तुला. वडारणीच्या बाळाची झोळी कदाचित हिच्याच डोक्यावर झुलली असेल, असंही वाटे, आणि त्याचंसुद्धा मला बरं वाटे.

एका संध्याकाळी सासूबाई मुलांना घेऊन देवळात पुराणाला गेल्या होत्या. मी देवापाशी दिवा लावून वळले तर हे आलेले. घरात आम्ही दोघंच असण्याची वेळ फार क्वचित येई. मी म्हटलं, "चिंचेजवळच ना?"

ह्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. उपरणं खुंटीला लावायला वर केलेला हात तसाच खाली आला.

"मला ठाऊक नाही," हे म्हणाले.

मला वाटलं, अजूनही लपवताहेत, आणि मी तसं बोलले. तेव्हा हे भिंतीशी बसले आणि सांगू लागले. त्या दिवशी हे राईच्या कडेपर्यंत गेले आणि ह्यांचे पाय पुढे जाईनात. ती हातांत होती, आगरी म्हातारा पुढे गेला होता, तो परत आला आणि त्याने ह्यांच्याकडे बघितलं. मग गाठोडं काखेला मारून त्याने ह्यांच्या हातांतून तिला घेतलं आणि म्हणाला, "बापानं बगाचा नाय. जा तुमी घरा." तशी काही रीत नव्हती. सगळे बाप आत जात, सगळे माती देत. म्हाताऱ्याने ती रीत त्या क्षणी ह्यांच्यापुरती काढली. ह्यांना ते तेव्हाच समजलं होतं, तरी हे पाठ फिरवून निघाले. फावड्याचा आवाज ऐकू यायच्या आधी वळणावर आले होते. पावसाळ्यानंतर मन घट्ट करून हे म्हाताऱ्याला विचारायला आगरात गेले, तर तो तापाच्या साथीत गेलेला. त्या दिवसापासून हे कडेकडेने फिरत होते, कारण आत पाऊल कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

इतकी वर्षं ज्याचा हेवा केला त्याच्याजवळही तेवढंच होतं जेवढं माझ्याजवळ. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. रडू आलं, आणि ते मी पदर न लावता ह्यांच्या समोर रडले. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच.

"त्यांना आपापली जागा ठाऊक होती," हे म्हणाले. "त्यांनी तेवढी मागितली. मी कुठली सोडू?"

तेव्हा मला दारोदारचं फिरणं कळलं, ओसरीवरच्या सभा कळल्या. शुद्ध हवा आणि विलायत कळली. ह्यांना कोपरा मागता येत नव्हता, म्हणून ह्यांनी सगळी राई मागितली होती.

बाग साहेबाच्या हस्ते उघडली. त्याने गवताकडे बघून भुवया उंचावल्या म्हणे, पण झाडांखाली गार वाटलं असावं, काही बोलला नाही. त्या समारंभाला बायका नव्हत्या. नंतर एका संध्याकाळी हे घरात येऊन सगळ्यांदेखत मला म्हणाले, "चल." सासूबाई जपमाळ धरून बसल्या होत्या. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी माळेवरचा हात थांबवला, ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माळ पुन्हा सुरू केली. त्यांचंही कोणी तिथे होतं, ह्यांच्या आधीचं, हे मला त्या गेल्यावर कळलं.

भर रस्त्यातून नवऱ्यामागून चालत मी गेले. दारांतून लोक बघत होते, वकीलसाहेब बायकोला फिरायला नेताहेत म्हणून. बागेच्या तोंडाशी नवे दोन दगडी खांब होते. तिथे हे थांबले, नेहमी थांबत तसे. आत उजेड मऊ झाला होता. इकडेतिकडे चार-दोन बायका बसलेल्या दिसल्या, दूरदूर, एकेकट्या, कोणी आंब्याशी, कोणी कुंपणाशी. कोणी कोणाशी बोलत नव्हती. हेडमास्तरीणबाई ईशान्येच्या कोपऱ्यात होत्या.

माझ्यासाठी कुठली जागा नव्हती, किंवा सगळीच होती. मी वहाणा खांबाशी काढल्या आणि पाऊल उचललं. खाली सपाट गवत होतं, दगड नाही, काटा नाही. तरी मागून ह्यांचा आवाज आला, "जपून."